चावल्याची नोंद

फोन आला तेव्हा ती एका म्हाताऱ्या जोडप्याला उघडी खिडकी आणि मांजर एका घरात का नांदत नाहीत ते समजावून सांगत होती. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्ही आम्हाला दिलेला कुत्रा मुलीला चावला. गालाला. सात टाके पडलेत. दुपारी आणून सोडतो." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. अकरा वर्षं या खुर्चीत बसून चढलेल्या आवाजांची तिला सवय झाली होती, ते आपोआप उतरतात हे ठाऊक झालं होतं. हा आवाज मात्र आधीच उतरून तळाला जाऊन बसलेला होता. किती वाजता, एवढंच तिने विचारलं, समोरच्या कागदावर 'दोन' असं लिहिलं आणि त्याखाली एक रेघ ओढली. मग जोडप्याकडे वळून जाळी कुठल्या प्रकारची लावावी ते पुढे सांगू लागली. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्यांदा तेच सांगतोय. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत होती. बरं नाही का तुम्हाला, असं तिने विचारलं, आणि नवऱ्याच्या दंडाला धरून, आम्ही पुन्हा येऊ, म्हणाली.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घरी गेलेल्या कुत्र्यामांजरांचे फोटो. दाराच्या वरच्या अर्ध्यात काच. काचेपलीकडे प्राण्यांच्या शेल्टरची लांबलचक पडवी आणि दोन्ही बाजूंना पिंजरे. दारावर 'दत्तक समुपदेशन' अशी पाटी होती, पण पिंजरे धुणारे मामा त्या खोलीला पास-नापासची खोली म्हणत. लोक येत, समोर बसत, आणि ती त्यांना विचारत असे की घरात दिवसभर कोण असतं, भाड्याचं घर का स्वतःचं, पूर्वी पाळलेलं जनावर कसं गेलं. या शेवटच्या प्रश्नाला माणूस काय उत्तर देतो आणि देताना हाताचं काय करतो, यावर तिचं मत बनायचं. ते बहुतेक बरोबर निघायचं. तिने दिलेलं जनावर क्वचितच परत येई. व्यवस्थापक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे की ताईंनी जुळवलेलं मोडत नाही. ती कसनुसं हसायची आणि पाहुणा गेल्यावर ते वाक्य मनात एकदा घोळवायची. पिंजऱ्यांतला कल्ला तिला ऐकू येणं कधीच बंद झालं होतं, घड्याळाची टिकटिक बंद होते तसं. आज मात्र एकेक भुंकणं वेगळं, सुटं सुटं कानावर पडत होतं. हा कोपऱ्यातला तांबडा. ही तीन पायांची कुत्री. आणि मधेच एक रिकामी जागा, जिथून अकरा दिवस कोणी भुंकलं नव्हतं.

त्या जागेतल्या कुत्र्याला हवालदार म्हणत. पिंजऱ्यासमोरून कोणीही गेलं की तो उठून ताठ बसायचा, छाती पुढे, एक कान उभा; दुसरा अर्धा तुटलेला. आला तेव्हा गळ्यात दोरीचा वळ होता आणि वळाखालचं मांस दिसत होतं. सहा महिने तो ताठ बसत राहिला आणि लोक पुढच्या पिंजऱ्याकडे जात राहिले. चौथ्या महिन्यात त्याने मामांचा हात फोडला. तिनेच मलमपट्टी केली होती आणि तिनेच लिहिलं होतं: खाताना भांडं ओढल्यावर चावला, दोन दात, रक्त आलं. मामांना त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. "भुकेल्याच्या ताटात मी हात घातला," ते म्हणाले होते, "आता चूक कोणाची म्हणायची?" पण नोंद ती नोंद. जनावराची एकदा नोंद झाली की ती नेणाऱ्याला दाखवायची, त्याची सही घ्यायची, आणि लहान मूल असलेल्या घरी ते द्यायचं नाही असा नियम होता. मोठ्या माणसांच्या घरी असा कुत्रा कोण नेतो? सहा महिने झाल्यावर शुक्रवारच्या यादीत डॉक्टरीणबाईंनी त्याचा नंबर लिहिला होता. शुक्रवारची यादी म्हणजे काय हे पडवीत कोणी बोलत नसे. फक्त शुक्रवारी दुपारी मामा चहा घेत नसत.

ते कुटुंब आलं गुरुवारी. नवरा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीला सांभाळणारी आजी दोन महिन्यांपूर्वी गेली होती, आणि तेव्हापासून पोर बोलायचीच बंद झाली होती. आई हे सांगताना पोरीच्या केसांतून हात फिरवत होती आणि पोर कुठेच बघत नव्हती. पडवीतून चालताना ती हवालदारासमोर थांबली. तो ताठ बसला. पोरीने गजांतून तळवा आत घातला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि त्याने डोळे मिटले. जनावराने डोळे मिटणं ही छोटी गोष्ट नाही, हे तिला इतकी वर्षं काम करून कळलं होतं. पोर म्हणाली, "हा." दोन महिन्यांतला तिचा पहिला शब्द. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग खोलीत वडिलांनी विचारलं, स्वभाव कसा आहे? आणि तिने सांगितलं की सहा महिने बघतेय, माणसाळलेला आहे, शांत आहे, कशाचा त्रास नाही त्याचा. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. नोंदीचा कागद फाइलीत तिसरा होता. बोट ओलं करून तिने पान उलटलं आणि दोन पानं एकदम उलटली. अशी पानं चुकूनही उलटतात.

कशाचा त्रास नाही. हे शब्द तिचे नव्हते. ती सात वर्षांची असताना आत्याच्या दारात उभी होती, पायाशी एक पत्र्याची पेटी, आणि आई हे शब्द बोलत होती. वडिलांच्या छातीचं दुखणं वाढलं होतं, त्यांना लांबच्या दवाखान्यात न्यायचं होतं, आई बरोबर राहणार होती. चार महिन्यांचा प्रश्न आहे, आई म्हणाली. "हिचा कशाचा त्रास नाही. मिळेल ते खाते. एका जागी बस म्हटलं तर बसते." आईचा तळवा तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध होता आणि तो तिला किंचित पुढे लोटत होता. तिला वाटत होतं, आता आई ते सांगेल. अंथरूण ओलं होतं ते. आई चपला घालू लागली तरी तिला वाटत होतं, आता सांगेल. आई गेली. आत्याच्या घरी तिने दुपारी चारनंतर पाणी पिणं सोडलं. ओठ फुटले. जीभ टाळूला चिकटायची आणि घोट गिळताना आवाज व्हायचा. पाचव्या दिवशी व्हायचं ते झालंच. आत्या एक शब्द बोलली नाही. तिने गादी उचलून पुढच्या गॅलरीत, रस्त्यावरच्या बाजूला वाळत टाकली, शाळेला निघालेल्या सगळ्या पोरांना दिसेल अशी. आत्या वाईट नव्हती. तिला सांगितलं गेलं नव्हतं, एवढंच. चार महिन्यांची नऊ वर्षं झाली. वडील त्या दवाखान्यातून आले नाहीत आणि आई आली तेव्हा ती तिला तुम्ही म्हणून गेली. पुढे खूप वर्षांनी, आई शेवटच्या दुखण्यात असताना, तिने विचारलं होतं की तेव्हा तू सांगितलं का नाहीस. आई छताकडे बघत म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर ठेवून घेतलं असतं का त्यांनी तुला?" आणि कुशीवर वळवायला सांगितलं.

फोननंतर, बारा वाजता साहेब खोलीत आले. त्यांना कळलं होतं. अशा गोष्टी फाइलीच्या आधी पोचतात. त्यांनी दार लावून घेतलं, हवालदाराची फाइल मागितली, एकेक पान शांतपणे बघितलं, आणि तिसऱ्या पानाशी थांबून चष्मा कपाळावर सरकवला. सही नाही, ते म्हणाले. तिने मान हलवली. साहेब म्हणजे चांगला माणूस. बंद पडायला आलेलं शेल्टर त्यांनी लोकांच्या हातापाया पडून उभं ठेवलं होतं. त्यांनी ते पान काढलं, चार घड्या घातल्या आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. "हे तुझ्या हातचं आहे. तुझ्याकडे ठेव." मग दाराशी जाऊन म्हणाले, "दीडशे जनावरं आहेत इथे. तेवढं ध्यानात घे." तिने घडी पर्समध्ये टाकली.

दोनला वडील एकटेच आले. कुत्रा मागच्या सीटवर. त्याने तिला ओळखलं आणि सगळं अंग हलवत, जिभेने तिचं मनगट चाटत तो असा बिलगला की जणू माहेरी आलाय. अकरा दिवसांत अंगावर मांस चढलं होतं, केस चमकत होते. कोणीतरी त्याला रोज विंचरत होतं. वडिलांच्या शर्टाच्या खांद्यावर एक तपकिरी डाग होता, वाळलेला, मूठभर. तिथे पोरीचं डोकं असणार. त्यांनी शर्ट बदलला नव्हता, का त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, असा विचार करत ती त्या डागाकडे बघत राहिली. त्यांनी कुत्रा परत केल्याच्या कागदावर सही केली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आधी कधी कोणाला चावला होता का हा?"

"आमच्याकडे तशी नोंद नाही," बाजूच्या खुर्चीत बसलेले साहेब म्हणाले.

वडील साहेबांकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. तिच्या तोंडात जीभ टाळूला चिकटलेली होती. सुटली नाही. क्षण गेला, असे क्षण जातात तेव्हा आवाज होत नाही. वडिलांनी मान डोलावली, खिशातून दात उमटलेला एक रबरी चेंडू काढून टेबलावर ठेवला आणि, हा त्याचा आहे, म्हणून ते निघाले. कुत्रा त्यांच्यामागे गेटपर्यंत ओढ घेत गेला. गाडी वळली तरी तो तिथेच छाती काढून बसून राहिला. मामांनी शेवटी त्याला उचलून आणलं.

चावलेलं जनावर दहा दिवस वेगळं ठेवून बघायचं असतं. मागच्या बाजूला त्यासाठी एक सिमेंटची खोली होती, वर एक झरोका. त्याच्या पुढे काय हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या बोलताना इंजेक्शनच्या बाटल्या मोजत होत्या, वर बघत नव्हत्या. लहान मुलाच्या तोंडाला चावलेला, आता याला कोण नेणार, आणि गेटवर वीस जण जागेची वाट बघतायत. ती दहाही दिवस स्वतः त्याला खायला घालायला गेली. भांडं ठेवायची आणि भिंतीला टेकून लांब बसायची. तो खाताना तिच्याकडे डोळा ठेवून गुरगुरायचा, आणि खाऊन झालं की येऊन तिच्या मांडीवर हनुवटी टाकायचा. दोन्ही तोच. मामा दारातून म्हणाले, याला वाटतंय, आपण सगळ्यांना भेटायला आलोय. त्या खोलीत बसून ती तो गुरुवार पुन्हा पुन्हा आठवत असे. तिसऱ्या दिवशी तिला आठवलं की आपण गेटपाशी त्या बाईला म्हणालो होतो, खाताना मात्र याच्या जवळ जाऊ देऊ नका. चौथ्या दिवशी तिला त्या वेळचा वारा आठवला, बाईने कानामागे सारलेली बट आठवली, बाईचं 'बरं' आठवलं. सहाव्या दिवशी ते इतकं पक्कं झालं होतं की तिने ते मामांना सांगितलं. मामा फरशीवर पाणी ओतत होते. ते म्हणाले, त्या दिवशी तुम्ही गेटवर कुठे होतात, सोडायला मी गेलो होतो. ते सहज म्हणाले, पुन्हा बादली भरायला गेले. तिथे सिमेंटवर बसल्या बसल्या तिला जाणवलं की आपल्या आत कोणीतरी रात्रंदिवस काम करतंय, एकेक वीट रचून आपल्यासाठी घर बांधतंय, आणि आणखी चार दिवस गेले असते तर आपण त्या घरात राहायला गेलो असतो.

अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. तिने त्याला धरलं. मामा म्हणाले, ताई, मी धरतो, पण तिने ऐकलं नाही. डाव्या हाताने तिने त्याचा पुढचा पाय पुढे घेतला, उजव्या तळव्यावर बिस्किटाचे तुकडे होते. तो ते खात होता. जीभ खरखरीत, ऊन. मग जिभेची हालचाल मंदावली आणि तळव्यावर नुसतंच वजन राहिलं. एक तुकडा ओला होऊन तिच्या बोटाला चिकटला होता. डॉक्टरीणबाईंनी घड्याळात बघून वेळ लिहिली. ती नळाखाली हात धुवायला गेली आणि हात पुढे धरून, नळ न सोडताच, किती तरी वेळ उभी राहिली.

त्याच दुपारी तिने फॉर्मवरचा पत्ता काढला. साहेबांना सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दारापाशी लहान चपलांचा एक जोड, उलटसुलट पडलेला. दार आईने उघडलं. बाईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आत या, असं ती म्हणाली नाही, आणि बाजूलाही झाली नाही. हे ऑफिसला गेलेत, एवढंच म्हणाली. दारातच उभं राहून तिने सगळं सांगितलं. तो आधी चावला होता, तिला माहीत होतं, तिनेच लिहिलं होतं, आणि तिनेच पान उलटलं. त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी त्याला मारणार होते, हेही तिला सांगायचं होतं, पण ते सबबीसारखं वाटलं म्हणून तिने गिळलं. पर्समधून घडी काढून तिने पुढे केली. बाईने ती उघडली, वाचली. दोनदा वाचली असावी. बाई ओरडेल, थोबाडीत मारेल, असं काहीतरी होईल म्हणून ती खाली बघत उभी राहिली. तसं व्हावं अशी तिची इच्छाही होती. त्यासाठीच ती तीन जिने चढून आली होती.

बाईने कागदाला पुन्हा होत्या तशाच चार घड्या घातल्या. मागे वळून आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिसऱ्या दिवशी तो हिच्यावर गुरगुरला होता. जेवताना. मी बघितलं. ह्यांना बोलले नाही." मग, "ही बोलायला लागली होती हो. सकाळी उठल्यापासून त्याच्याशी बोलायची. मी म्हटलं, होईल सवय." बाईने घडी तिच्या हातात परत दिली. "हे इथे नको. आणि ह्यांना सांगू नका. हे केस करतील, मग सगळंच विचारतील. मलाही विचारतील." तिच्या बोलण्यात राग नव्हता. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोघी बायका एकमेकींना सांभाळून घेतात तसं काहीतरी होतं, आणि ते तिला सोसवेना. ती ओझं टाकायला आली होती, आणि समोरच्या बाईने आपलंही त्यावर ठेवलं होतं. ती मान हलवणार होती. मान हलायला लागलीही होती.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि पोर बाहेर आली. डाव्या गालावर पांढरी पट्टी, डोळ्याच्या अगदी खालपर्यंत, आणि तेवढी बाजू सुजून चकचकीत झालेली. पोरीने तिला ओळखलं. आईच्या मागे उभी राहून तिने दाराबाहेर, तिच्या पायांपाशी बघितलं, मग जिन्याकडे.

"तो कुठाय?"

आईने झटकन सांगितलं, अगं सांगितलं ना, तो मोठ्या बागेच्या घरी गेला, तिथे त्याला पळायला मिळतं. सांगताना ती पाहुणीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी होती. पोरही बघत होती. सोपं होतं. हो म्हणायचं होतं, किंवा काहीच म्हणायचं नव्हतं. तिने पोरीच्या गालाकडे बघितलं. पट्टीची कड सुटली होती आणि तिथून काळ्या टाक्याचं एक टोक दिसत होतं. ती उंबऱ्यापाशी खाली बसली.

"नाही," ती म्हणाली. "तो मेला. आज सकाळी. आम्ही त्याला इंजेक्शन दिलं."

आईने श्वास आत घेतला. पोर म्हणाली, "मी त्याच्या भांड्यातलं काढलं होतं."

"तू लहान आहेस. तुला सांगायला हवं होतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. चूक माझी आहे, तुझी नाही."

"त्याला दुखलं?"

"नाही. तो माझ्या हातावरचं बिस्किट खात होता."

पोरीने यावर विचार केला. "सगळं खाल्लं?"

"एक तुकडा राहिला."

आईने दार लोटलं. धाडकन नव्हे, सावकाश, शेवटपर्यंत तिच्याकडे बघत, आणि आतून कडी घातली. कडीचा आवाज झाला तरी ती तशीच खाली बसलेली होती. मग दारामागून रडणं सुरू झालं. आधी बारीक, मग तोंड उघडून, मोठ्याने, गळ्याची शीर ताणून. गालाचे टाके ताणले जात असतील, असं तिच्या मनात आलं. आई गप्प हो म्हणत होती, डॉक्टरांनी सांगितलंय रडायचं नाही, आणि पोर ऐकत नव्हती. आपण हे काय केलं, हे तिला कळत नव्हतं. बरं केलं का वाईट, हे पुढे कधी कळेल असंही तिला वाटलं नाही. संध्याकाळी वडील येतील आणि पोर त्यांना सगळं सांगेल, एवढं मात्र खरं. तिला तिथून उठता येईना. आत्याच्या घरी नऊ वर्षांत आपण एकदाही असं रडलो नव्हतो, ती मनात म्हणाली, आणि भिंतीला पाठ टेकून ऐकत राहिली.

वरच्या मजल्यावरून कोणी एक बाई पिशवी घेऊन उतरत आली. तिला जमिनीवर बसलेलं बघून थबकली. कोण हवंय तुम्हाला, तिने विचारलं, दार उघडत नाहीत का? ती नाही म्हणाली, कोणी नकोय. बाईने दाराकडे बघितलं, रडणं ऐकलं आणि तिला वळसा घालून, एकदा मागे वळून बघत, खाली निघून गेली. रडणं चालूच होतं. ते थांबेपर्यंत ती तिथे बसून राहिली.